जर्मनीच्या कचेरीला केलेला गिलावा

बहारीनला जाऊन आले त्याला आता दीड वर्ष होत आलं. वस्तीतल्या बाया अजून विचारतात, तिकडं काय बघितलंस म्हणून. मी म्हणते, जर्मनीची कचेरी बघितली. मग त्या हसतात, बहारीनला जाऊन हिला जर्मनी कशी दिसली. म्हणून एकदाच नीट सांगते. मला लिहिता येतं ते सहीपुरतं. मी बोलत गेले आन बालवाडीच्या बाईनं लिहून घेतलं. तिनं मधे विचारलं, इथं जरा चांगला शब्द घालू का. मी म्हणलं, नको.

माझं गाव जालन्याकडं, पण चाळीस वर्षं औरंगाबादेत गेली, सगळी बांधकामावर. बिगारी काम. वाळू चाळायची, माल कालवायचा, घमेलं डोक्यावर घेऊन वर चढायचं. मिलिंदचा बाप परांचीवरून पडून गेला तवा मिलिंद चार वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले. घरी बसून माणूस परत येत नाही. मिलिंद साईटवरच वाढला, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांवर. इंजिनेराचे टाकून दिलेले निळे नकाशे उलटे करून त्यावर घरं काढायचा. पुढं नकाशे काढायचंच शिकला आन त्याच कामावर बहारीनला गेला. हिद्द म्हणून गाव आहे, तिथं त्याची कंपनी.

सूनबाईचं, सुजाताचं, पहिलं बाळंतपण होतं. तिला आई नाही. म्हणून मी गेले, साल शहाण्णवच्या जानेवारीत. विमानाचं काय सांगू. बसले, कान दुखले, उतरले.

उम्म अल हस्सम

मिलिंद राहतो त्या वस्तीचं हे नाव. तिसरा मजला, दोन खोल्या. खाली एका मल्याळ्याचं दुकान, कढीपत्त्यापासून झाडूपर्यंत सगळं तिथं. कोपऱ्यावर भट्टी, तिथून सकाळी खुबूस आणायचा. खुबूस म्हणजे त्यांची रोटी, ताटाएवढी. गरम असताना ठेच्यासंगं चांगली लागते, गार झाली की चामडं. नळाला दिवसभर पाणी यायचं, पण खारट. डाळ शिजत नाही त्यात. पिण्याचं गोड पाणी कॅननं विकत घ्यायचं. घरात नळ वाहतोय आन पाणी विकत आणायचं, हे मला पटायला आठ दिवस लागले.

बाहेरच्या खोलीत जेवायचं टेबल होतं, पण आम्ही खालीच बसून जेवायचो. टेबलावर चादर झाकलेली. मला वाटलं नवीन आहे म्हणून जपतात. तिसऱ्या दिवशी मिलिंदनं चादर काढली तर खाली एक घर. लाकडाच्या पट्ट्यांचं आन पुठ्ठ्याचं. दोन हात लांब, हातभर उंच.

मी म्हणलं, "बाळाला आतापासूनच खेळणं का?"

"खेळणं नाही आई. नमुना आहे. माझ्या साहेबाच्या गावची नगरपालिकेची कचेरी. जर्मनीत."

मग त्यानं बोटानं दाखवत सगळं सांगितलं. ही कचेरी पाचशे वर्षांची. खालचा मजला दगडाचा, त्याला पुढनं कमानी. त्या कमानींखाली बाजार भरायचा, पाव, मटण, कापड. एका कमानीशेजारी भिंतीत लोखंडाची पट्टी ठोकलेली होती. दुकानदारानं कापड कमी दिलं असं वाटलं की बाईमाणसानं ते कापड घेऊन यायचं आन त्या पट्टीला लावून बघायचं. ही गोष्ट मला लई आवडली. पट्टी सगळ्यांची, भिंत सगळ्यांची, भांडण तिथंच मिटलं. तळघरात एकीकडं कचेरीची दारू ठेवायची आन दुसरीकडं कोठडी. मी म्हणलं, म्हणजे पिणाऱ्याला लांब न्यायला नको. मिलिंद हसला. लई दिवसांनी हसला, असं सुजाता मागनं म्हणली.

वरचे दोन मजले लाकडी. वरचा मजला खालच्यापेक्षा वीतभर पुढं आलेला, त्याच्या वरचा अजून थोडा पुढं. जागा कमी, म्हणून वर जाऊन वाढवलेली. छप्पर असं उभं की त्यावर कावळा टिकायचा नाही. बर्फ घसरून पडावा म्हणून तसं. आन भिंतीत लाकडं उभी, आडवी, तिरपी, सगळी बाहेरनं दिसणारी. मी विचारलं, लाकडाच्या मधी काय भरलंय. तो म्हणला, काठ्यांचं जाळं, त्यावर चिखल आन पेंढा.

"म्हणजे कूडच की."

"कूडच."

एवढ्या मोठ्या कचेरीला कुडाच्या भिंती. माझ्या बापाचं घर कुडाचं होतं, लोक त्याला झोपडं म्हणायचे.

मिलिंदला ह्या कामाची घाई होती आन ती का, ते मला सुजातानं सांगितलं. कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं. त्याच्या संगंच्या दोघांना "खलास" म्हणून सांगितलं होतं. तिकडं काम संपलं तरी खलास, माणूस नको झाला तरी खलास. मिलिंदचा व्हिसा मार्चमधे संपत होता. जर्मन साहेबाच्या गावची मोठी माणसं बहारीनला येणार होती, त्यांच्यासाठी एका हॉटेलात दोन दिवसांचं प्रदर्शन होतं. साहेबानं मिलिंदला सांगितलं होतं, हा नमुना नीट कर, तुझा व्हिसाचा कागद घेऊन मॅनेजरकडं मी स्वतः जातो. मिलिंद कामावरून आला की रोज चार तास टेबलाशी. कागद झाला नाही तर ओली बाळंतीण आन महिन्याचं लेकरू घेऊन घर मोडायचं, आन औरंगाबादेत त्याच्यासाठी काम वाट बघत नव्हतं.

मुहर्रक

सुजाताचे दिवस भरायच्या आधी एका शुक्रवारी आम्ही मुहर्रकला गेलो. बहारीनचं हे जुनं गाव. गल्ल्या अरुंद, आपल्या जुन्या शहरात असतात तशा. तिथं मिलिंदच्या कंपनीनं एका जुन्या व्यापाऱ्याचं घर दुरुस्तीला घेतलं होतं. भिंती समुद्रातल्या दगडाच्या. तो दगड हलका, भोकंभोकं असलेला, वाळलेल्या पावासारखा. वर एक मनोरा, चारी बाजूंनी उघडा. वारा धरून तो खाली खोलीत सोडतो. वीज नव्हती तवा हाच पंखा.

मी भिंतीला हात लावला तर गिलावा पोपडा होऊन हातात आला. जिभेला लावून बघितला, खारट. आत लाकडाचे गोल वासे दिसत होते, कडा भुसभुशीत झालेल्या. तिथं एक बिहारी गवंडी चहा पीत बसला होता. तो म्हणला, अम्मा, इथं लाकूड उघडं ठेवलं की गेलं, खारी हवा खाऊन टाकते, आधी झाकायचं मग पुढचं. मी म्हणलं, हे आमच्याकडं पण असंच, फक्त खाऱ्या हवेऐवजी वाळवी.

पुढच्या मंगळवारी सुजाता बाळंत झाली. मुलगी. तीन किलोला थोडी कमी. मला तिचं नाक माझ्या सासूसारखं वाटलं, पण ते मी बोलले नाही, सासू कजाग होती.

गुरुवार

पोरगी नऊ दिवसांची होती. मिलिंद सकाळी जाताना म्हणला, कौलांचा रंग झाला, आता थोडंच राहिलंय, उद्या साहेब स्वतः बघायला येतोय, परवा सकाळी हॉटेलात न्यायचंय. एवढं बोलून गेला. मी बाळाला अंघोळ घातली, शेक दिला, सुजाताला मेथीची भाजी-भाकर वाढली. दोघी झोपल्या.

मी चादर काढून ते घर बघत बसले. टेबलाखाली पीओपीची पिशवी होती, अर्धी. मी चाळीस वर्षांत जेवढी घरं बघितली, त्यात लाकूड उघडं असलेलं घर म्हणजे एकतर पडायला आलेलं नाहीतर पैसे संपल्यामुळं थांबलेलं. कूड असला तरी बाई तो लिंपते. लाकूड बाहेर दिसतंय म्हणजे गिलावा राहिलाय. पोराचं काम राहिलंय, उद्या साहेब येतोय, पिशवी आणून ठेवलीय, मी रिकामी बसलेय.

आन दुसरंही सांगते. बांधकामावर बाईच्या हातात थापी देत नाहीत. घमेलं द्यायचं, पाट्या उचलायच्या, माल कालवायचा. गिलावा गवंडी करणार. मी शेकडो भिंतींचा माल कालवला, किती पाणी, किती वाळू, गवंड्याला मी सांगायचे. पण भिंतीवर एक हातसुद्धा मी मारलेला नव्हता. त्या दिवशी घरात गवंडी नव्हता.

पीओपी चहाच्या गाळणीनं चाळलं. नळाचं पाणी घेतलं नाही, खारट पाण्यानं पुढं पोपडे येतात. कॅनमधलं गोड पाणी घेतलं. पीओपी लवकर धरतं, म्हणून वाटीभर वाटीभरच कालवत गेले. थापी म्हणून आईस्क्रीमची काडी आन लोण्याची सुरी. खिडक्यांच्या कडा सोडल्या, कोपरे धारेत काढले, वीतभर पुढं आलेल्या मजल्याच्या खालच्या अंगाला पण नीट लावलं, जिथं गवंडी नेहमी चुकारपणा करतो. चारी बाजू झाल्या तवा तीन वाजले होते. पांढरं स्वच्छ घर. मी लांब जाऊन बघितलं. खरं सांगते, मला बरं वाटलं.

सुजाता उठून बाहेर आली. बघितलं आन दाराला धरून उभी राहिली. "आत्याबाई," एवढंच म्हणली. तिच्या तोंडावरून मला कळलं.

मिलिंद पाचला आला. पायातले बूट न काढता टेबलापाशी गेला. बोट फिरवून बघितलं, घट्ट धरलेलं. एक पट्टी खरवडायला गेला तर ती लाकडासकट सुटली. ती हातात धरून खुर्चीवर बसला. ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

"आई, लाकूड दिसणं हीच तर त्या कचेरीची ओळख आहे. लोक लांबनं ते बघायला येतात."

"मला वाटलं राहिलंय."

"राहिलं होतं ते कचेरीपुढच्या चौकाच्या जमिनीचं. पीओपी त्याला आणलं होतं."

त्या दिवशी कोणी नीट जेवलं नाही. सुजातानं एक तोड काढली. साहेबाला सांगायचं, वरच्या घरातनं पाणी गळलं, छताचा चुना खाली पडला. मिलिंद म्हणला, बघू. मी ताटं उचलली. बोलायला जागा ठेवली नव्हती.

शुक्रवार

साहेब अकराला आला. उंच, कानामागं केस पिकलेले. संगं त्याची आई. ती पण पाहुण्यांबरोबर आली होती. ऐंशीच्या पुढची, काठी टेकत, तीन मजले चढून आली आन धाप लागली तरी बसली नाही, आधी बाळ बघितलं. पोरीच्या मुठीत आपलं बोट दिलं.

मिलिंदनं चादर काढली. साहेबाचा चेहरा लाल झाला. इंग्रजीत काहीतरी विचारलं. सुजाता माझ्याकडं बघायला लागली, मी छताकडं. छत कोरडं ठणठणीत होतं.

मिलिंद उभा राहून बोलला. मला इंग्रजी येत नाही, पण त्यानं माझ्याकडं हात केला. काय सांगितलं ते सुजातानं मला नंतर सांगितलं. तो म्हणला, हे माझ्या आईनं केलं. ती बांधकामावर मजूर होती, चाळीस वर्षं. आमच्याकडं लाकूड उघडं ठेवत नाहीत, तिला वाटलं काम राहिलंय. चूक माझी, मी तिला सांगितलं नव्हतं.

कंपनीत त्यानं आजवर हे कुणाला सांगितलं नव्हतं. आई गावी असते, एवढंच सांगायचा. मला ते माहीत होतं आन मी त्याला कधी बोल लावला नाही. बाहेर जगात काय सांगावं लागतं ते ज्याचं त्याला कळतं.

साहेबानं गिलाव्यावर नख मारून बघितलं. तेवढ्यात त्याची आई चष्मा लावून वाकली. चारी बाजूंनी फिरली. मग आपल्या बोलीत बोलायला लागली आन थांबेचना. तिचं बोलणं साहेब इंग्रजीत करायचा आन मिलिंद मराठीत, असं दोन घरं फिरून माझ्यापाशी यायचं.

ती म्हणली, मी लहान होते तवा कचेरी अशीच होती. पांढरी. माझ्या आजीच्या आजीच्या काळापासून तशी. कधीतरी गावात मोठी आग लागली होती, त्यानंतर सगळ्यांनी लाकडावर गिलावा केला, आग धरू नये म्हणून. आन शेजारच्या राजाचे वाडे दगडाचे, मग आपली कचेरी कुडाची कशी दिसू द्यायची, ही लाजपण होती. मी शाळेत जायला लागले त्या वर्षी गावच्या लोकांनी ठरवलं की जुनं लाकूड चांगलं दिसतं आन सगळा गिलावा पाडला. माझा बाप लई चिडला होता. तो म्हणायचा, कचेरीचे कपडे काढले.

साहेबाला हे माहीत नव्हतं. पन्नाशीचा माणूस, आपल्याच आईच्या तोंडाकडं बघत राहिला.

मग तिनं पुढचं सांगितलं. दुसऱ्या मोठ्या लढाईत बॉम्ब पडला. छप्पर गेलं, मागची वीटभिंत गेली. गडी माणसं मेलेली नाहीतर कैदेत. गावच्या बायांनी ढिगारा उपसला. एकेक वीट घ्यायची, हातोडीनं जुना चुना काढायचा, रचून ठेवायची. ही दोन हिवाळे ते करत होती. साहेब तवा पाठीशी बांधलेला. त्याच विटांनी मागची भिंत परत बांधली. जुन्या सुतारांनी लाकडांच्या सांध्यांवर खुणा करून ठेवल्या होत्या, कोणतं कशात बसायचं त्याच्या. म्हणून जी लाकडं वाचली ती आपापल्या जागी बसली.

मी मिलिंदला म्हणलं, विचार, वीट आडवी धरायची की उभी. म्हातारीनं उजव्या हातात काठी धरली, डाव्यात हवेतली वीट, आन करून दाखवलं. आडवी. कड आपल्याकडं. मी पण तशीच धरायचे, जुने बंगले पाडायच्या कामावर.

"भिंत बांधायला पण होतात का?" मी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. बांधायला गडी परत आले होते.

साहेब सगळं ऐकून घेऊन शेवटी मिलिंदला म्हणला, आईचं खरं असेल, पण पाहुणे लाकूड बघायला येतायत. उद्या सकाळी आठला गाडी येईल. लाकूड दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर मी मॅनेजरकडं काय घेऊन जाऊ. रागानं नाही म्हणला. सरळ म्हणला.

तो गेला, म्हातारी गेली नाही. तिनं खुर्ची टेबलाला ओढली, पर्समधनं नखं घासायची कानस काढली आन खरवडायला बसली. मी लोण्याची सुरी घेतली. पाणी लावता येत नव्हतं, खाली पुठ्ठा. कोरडंच, टोकानं, एकेक तुकडा. लाकूड जिथं आहे तिथलं काढायचं, मधल्या कुडावरचं ठेवायचं, मिलिंदनं असं ठरवलं. तो सुटलेल्या पट्ट्या परत चिकटवत होता. सुजाता दूध पाजता पाजता ब्रशनं भुकटी झाडायची. दुपारी मी सगळ्यांना वरण-भात वाढला. म्हातारीनं चमच्यानं खाल्ला, लोणच्याचा तुकडा तोंडात टाकला आन डोळ्यांत पाणी आलं, पण थुंकला नाही. आमची भाषा एक नव्हती. ती तिच्या बोलीत बोलायची, मी माझ्या. तिचा तुकडा अख्खा निघाला की ती मला दाखवायची, माझा निघाला की मी तिला.

संध्याकाळी साहेब तिला न्यायला आला तवा तीन बाजू झाल्या होत्या. मागची राहिली. मिलिंदचे डोळे लाल, पट्ट्या संपलेल्या. साहेबानं वाकून तिन्ही बाजू बघितल्या. मागची बाजू भिंतीकडं लावू, म्हणला.

हॉटेलात

शनिवारी मिलिंद मला घेऊन गेला. मला जायचं नव्हतं. मी ज्या इमारतींचा माल वाहिला, त्यातल्या एकीतही तयार झाल्यावर पाय ठेवलेला नव्हता. बँक, शाळा, कचेरी. रंग झाला की आम्हाला दुसऱ्या साईटवर पाठवायचे. पण साहेबाच्या आईनं निरोप धाडला होता. मग पांढरं लुगडं नेसून गेले.

गार हवेचा मोठा हॉल. सरबत, खजूर, गोड पाव. गोरी माणसं लाकडी बाजूपुढं उभी राहून फोटो काढत होती. म्हातारी मात्र एकेकाला दंडाला धरून मागं नेत होती. टेबल आन भिंत यात माणूस आडवा होऊनच जाईल एवढी फट, तरी नेत होती. बाहेर आलेला माणूस माझ्याकडं बघून मान लववायचा. त्यातला एक त्यांचा नगराध्यक्ष होता, असं मिलिंद म्हणला. मी पण मान लववली.

पुढच्या आठवड्यात मिलिंदचा कागद झाला. साहेब स्वतः गेला होता. दोन वर्षांचा व्हिसा. सुजातानं शेवयाची खीर केली. मिलिंदनं पासपोर्टावरचा शिक्का मला दाखवला, मी त्यावर बोट फिरवलं.

दोन वर्षं म्हणजे मधे सुट्टी नाही. ते मला त्यानं दुसऱ्या दिवशी सांगितलं, खिडकीकडं तोंड करून. माझाही व्हिसा संपत आला होता.

मी निघाले तवा पोरगी सव्वा महिन्याची होती. माझ्या मांडीवर झोपायची तिला सवय लागली होती, खाली ठेवलं की रडायची. निघताना मी तिला सुजाताकडं दिली. सुजाता रडत होती. म्हणली, "आत्याबाई, हिला तुमची ओळख कशी राहील?"

मी म्हणलं, "राहणार नाही. आली की नव्यानं करू."